छोट्या स्लॉट कारची चासी : तुलना आणि जुळणी



सुट्टी लागली की आपल्यापैकी काही घरांत माळ्यावरून स्लॉट कारचा खोका खाली उतरतो. परदेशी असलेल्या काका-मावशींनी कधीतरी आणलेला तो संच. रूळ जोडले जातात, गाडी दोन वळणे घेते आणि अडखळते. मग मुलांचा आग्रह सुरू होतो : नवी मोटर मागवा, जास्त ताकदीचे लोहचुंबक मागवा. हे सुटे भाग बाहेरूनच मागवावे लागतात आणि खिशाला जड जातात. शिवाय मुले एकत्र जमून शर्यत लावतात तेव्हा ज्याच्या घरी पैसा, त्याची गाडी पुढे, असे होऊन बसते. आमचे म्हणणे इतकेच की, आधी चासी समजून घ्या. निम्म्याहून अधिक तक्रारी कापसाच्या बोळ्याने आणि तेलाच्या एका थेंबाने मिटतात.

सर्वांत आधी एक सावधगिरी. अमेरिकेतून आलेल्या संचाचा अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. अडॅप्टरवर छापलेला आकडा वाचल्याशिवाय तो प्लगात घालू नका.

या गाड्यांना एचओ म्हणतात. रेल्वेच्या मॉडेलांत एचओ म्हणजे १:८७, पण या गाड्या प्रत्यक्षात १:६४ च्या आसपास असतात. तळहातावर सहज मावतात. रुळात मधोमध एक खाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना धातूच्या दोन पट्ट्या. गाडीची खुंटी खाचेत चालते, आणि तळाचे दोन पिकअप शू त्या पट्ट्यांवरून वीज घेतात.

चासीचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीने १९६३ मध्ये आणलेली थंडरजेट. हिची मोटर धिरड्यासारखी आडवी पसरलेली असते. तिचा दांडा उभा असतो आणि वरच्या पट्टीवरचे गिअर मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत फिरणे पोहोचवतात. रुळाला धरून ठेवणारे लोहचुंबक हिच्यात नाही. त्यामुळे वळणावर ती आधी शेपटी टाकते, मग घसरते.

दुसरा, त्याच कंपनीची १९७० च्या दशकातली मॅग्ना-ट्रॅक्शन. मोटर तशीच आडवी, पण तिची लोहचुंबके खाली रुळाच्या जवळ आणलेली. धातूच्या पट्ट्यांकडे ती ओढली जातात आणि गाडी थोडी चिकटून चालते.

तिसरा, इनलाइन. ऑरोराची जी-प्लस, नंतर टायकोची ४४०-एक्स२ आणि टोमीच्या गाड्या या घरातल्या. यांत मोटर गाडीच्या लांबीत झोपलेली असते आणि पिनियन थेट मागच्या क्राउन गिअरला फिरवतो. पुढे मागच्या चाकांपाशी वेगळी, जोरदार लोहचुंबके आली. अशी गाडी रुळाच्या तुकड्यावर ठेवून तो उलटा केला तरी अनेकदा पडत नाही.

मग सर्वांत चांगली कोणती? ओढ जितकी जास्त, तितका वळणावरचा वेग जास्त. पण तीच ओढ सरळ रस्त्यावर ब्रेकसारखी लागते आणि मोटर तापते. शिवाय जोरदार लोहचुंबकाची गाडी सुटते तेव्हा काही न सांगता सुटते. थंडरजेट आधी सूचना देते. म्हणून हात तयार करायला थंडरजेट, आणि निव्वळ वेगाला इनलाइन.

आता जुळणी. क्रम चुकवू नका.

१. सफाई : अ‍ॅक्सलभोवती गुंडाळलेले केस चिमट्याने काढा. रुळाच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा.

२. तेल : आर्मेचरच्या दोन्ही टोकांना आणि अ‍ॅक्सलला सुईच्या टोकाने एकेक थेंब. कार्बन ब्रशवर किंवा टायरवर तेल गेले, तर गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालेल.

३. पिकअप शू : दहा फेऱ्यांनंतर गाडी उलटी करून पाहा. शूवर घासल्याची लांब, सपाट चमक दिसली तर ठीक. फक्त टोक चमकत असेल तर शू हलकेच वाकवून सपाट बसवा. खालची स्प्रिंग फार ताठ असेल तर गाडीचे नाक उचलले जाते आणि खुंटी खाचेतून निघते.

४. मागचे टायर : दोन्ही सारख्या व्यासाचे हवेत आणि फिरताना डुगडुगता कामा नयेत. सिलिकॉनचे टायर चिकटपट्टीवर फिरवले की धूळ निघते. टायर लहान केला तर चासी खाली येते आणि लोहचुंबकाची ओढ वाढते, मात्र एका फेऱ्यात कापलेले अंतर घटते.

५. गिअर : पिनियनला ७ आणि क्राउनला २५ दात असतील, तर मोटरच्या सुमारे साडेतीन फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. दात कमी-जास्त केले की सुरुवातीची उसळी आणि कमाल वेग यांची अदलाबदल होते. दोन्ही एकदम वाढत नाहीत.

तुलना करताना शिस्त हवी. एकच लेन धरा, कारण आतली लेन लांबीला कमी असते. वीज तीच, कंट्रोलर तोच, चालवणाराही तोच. आधी दहा फेऱ्या मोटर गरम होऊ द्या. थंड मोटरचा आकडा फसवा असतो. मग दहा फेऱ्यांची वेळ घ्या आणि गाडी किती वेळा बाहेर पडली तेही लिहा. एका वेळी एकच बदल करा. शू आणि टायर एकदम बदलले, तर गुण कोणाचा हे कळणार नाही. वहीत चार ओळी राहिल्या की पुढच्या सुट्टीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

परदेशातल्या शर्यतींमध्ये चासीच्या प्रकारानुसार गट पाडतात, थंडरजेटला इनलाइनसमोर उभे करत नाहीत. आपणही मुलांसाठी तेवढे पाळू या. एका शर्यतीत एकाच जातीच्या गाड्या, विकत आणलेला नवा भाग नाही, आणि सफाई-जुळणीला सर्वांना सारखा वेळ. मग मागे पडलेल्या मुलाला घरी जाऊन पैसे मागावे लागणार नाहीत. त्याला गाडी उलटी करून शूवरची चमक पाहता आली, तरी पुरे.