पद्मिनीचे इंजिन घरच्या घरी

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वयाची वीस वर्षे भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत; कुणाच्या सोसायटीत ताडपत्रीखाली, कुणाच्या गावाकडच्या शेडमध्ये. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी हौशी मेकॅनिकला भारी सोयीची. बॉनेट उघडले की सगळे डोळ्यांसमोर: १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर. कॉम्प्युटर नाही, की सेन्सर नाही.

म्हणून लगेच पाना उचलायचा नसतो. सायलेन्सरमधून निळा धूर येतोय, म्हणजे तेल जळतेय, एवढेच कळते; ते कुठून येतेय हे कॉम्प्रेशन तपासून शोधावे लागते. प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर मारायचा. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचे. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजले. जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. नुसत्या व्हॉल्व्हचेच दुखणे असेल, तर हेड उतरवून काम भागते.

गिअरचेही तसेच. बहुतेक पद्मिनींचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याशी, त्यामुळे लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यात बरेच दांडे नि सांधे येतात. त्यांचे बुश झिजले की गिअर अडकतो आणि दोष मात्र गिअरबॉक्सला लागतो.

इंजिन उतरवायचेच ठरले, तर चेनकप्पी लागते आणि सोबतीला एक माणूस. त्यापुढचे काम ताकदीचे कमी, शिस्तीचे जास्त. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून पुशरॉड ओळीने खोचून ठेवायचे, बेअरिंगच्या कॅपवर खुणा करायच्या. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकवर बसवूनच कारखान्यात भोके पाडलेली असतात. अदलाबदल झाली तर क्रँक जखडतो.

सगळे काम घरी होत नाही. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग वर्कशॉपमध्येच करावे लागते. मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा. तो झिजतो वरच्या बाजूला, जिथे रिंग दिशा बदलते तिथे जास्त. जाणकार आधी ओव्हरसाइज पिस्टन मिळवतात, मग ते पिस्टन हाताशी ठेवून ब्लॉक बोअर करून घेतात. गाडीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली असताना हा क्रम उलटा केला, तर कापलेला ब्लॉक पिस्टनची वाट पाहत पडून राहतो. ब्लॉक जपायचे आणखी एक कारण म्हणजे आरसी बुकातला इंजिन नंबर. इंजिन बदलले की आरटीओत नोंद करणे आले.

जोडणीत खरी परीक्षा मापाची. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात तेलासाठी साधारण पाच शतांश मिलिमीटर जागा हवी, केसाच्या जाडीहून कमी. ती मोजायला मेणासारख्या प्लास्टिकचा बारीक धागा मिळतो. कोरड्या क्रँकवर तो क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा, टॉर्क रेंचने कॅप ठरल्या मापाला आवळायची, क्रँक अजिबात न फिरवता पुन्हा खोलायची. चेपलेला धागा जितका रुंद, तितकी फट कमी; पाकिटावरच्या पट्टीशी ताडून माप वाचता येते. रिंगांच्या टोकांमधली फट फिलर गेजने बघतात. ६८ मिलिमीटरच्या बोअरला ती सुमारे पाव मिलिमीटर. फट ठेवलीच नाही, तर तापल्यावर रिंग फुगते आणि बोअर ओरखडते.

गिअरबॉक्स उघडताना खाली जुनी चादर अंथरलेली बरी. गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा नि छर्रे झाकण सैल होताच उडतात. पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर दाबून पाहायची. मधली फट उरली नसेल, तर रिंग संपली. क्लचप्लेट बसवताना ती बरोबर मध्यावर हवी, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरतच नाही. जुना इनपुट शाफ्ट मिळाला, तर मध्य साधायला तोच घालतात.

इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवतात. गाडी थोडी चालली की टॅपेट पुन्हा तपासतात, तेल लवकर बदलतात आणि निघालेले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून बघतात. त्यात बेअरिंगचा चकचकीत चुरा दिसला, तर तेलाचा संप परत खोलावा लागतो.