मोबाइलवर खंजिरीचा लूप केला, पण सम कुठे हरवली? 'मिडी क्लिप'चे गणित समजून घ्या

वर्धा : भजनातली खंजिरी म्हटली की विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचेच नाव आठवते. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या सेगावला, मुक्कामी होते. त्याच खंजिरीचा ठेका आता लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर तयार करून लूपवर टाकता येतो. अडचण पुढे येते. चार-पाच आवर्तने झाली की ठेका पेटीशी जुळेनासा होतो. दोष बहुतेकदा वाजवणाऱ्याचा नसतो, क्लिपच्या लांबीचा असतो.

मिडीत आवाज नसतोच

१९८३ मध्ये आलेल्या मिडी या मानकात ध्वनी नव्हे, सूचना साठवल्या जातात. कोणता स्वर, कधी सुरू, किती जोरात, कधी बंद. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असतात आणि आघाताचा जोर, म्हणजे व्हेलॉसिटीही १२७ पर्यंतच मोजतात. त्यामुळे अख्ख्या गाण्याची फाइल काही केबींत मावते आणि पेटीवर वाजवलेली क्लिप एका टॅपवर बासरीत ऐकता येते.

१९९१ च्या जनरल मिडी यादीत सतार आहे, सनई आहे. तबला मात्र नाही. तालवाद्यांसाठी १० वा चॅनल राखीव आहे. त्यात ५४ क्रमांकावर टँबोरिन सापडते. झांजांची खंजिरी हवी असेल तर कामचलाऊ म्हणून तेच जवळचे.

पाव मात्रेचा घोळ

भजनी ठेका आठ मात्रांचा. रेकॉर्डिंग थांबवायला किंचित उशीर झाला आणि क्लिप सव्वाआठ मात्रांची झाली, तर प्रत्येक आवर्तनात पाव मात्रा सरकते. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे चार आवर्तनांत, साधारण १६ सेकंदांत, ठेका पेटीच्या पूर्ण एक मात्रा मागे पडतो. गायक समेवर येतो आणि समेचा आघात तिथे नसतो. खंजिरीवाला गायकाकडे बघून सावरून घेतो, लूप सावरत नाही. कार्यक्रम सुरू असताना तो दुरुस्त करणेही सोपे नसते.

उपाय सोपा आहे. स्वर ओढू-ताणू नका. क्लिपच्या लूपची शेवटची खूण बरोबर नवव्या मात्रेच्या रेघेवर आणा. शेवटचा स्वर त्या रेघेपलीकडे गेला असेल तर तोही आखूड करा, नाहीतर काही अ‍ॅपमध्ये तो लोंबकळत वाजत राहतो. रूपक (७) किंवा झपताल (१०) असेल तर आणखी एक काळजी. बहुतेक सॉफ्टवेअर चार-चारच्या मापाने उघडतात, ते आधी बदला. नाहीतर सातची क्लिप ओढून आठची होते आणि ताल रूपक राहतच नाही.

सगळे सरळ करू नका

क्वांटाइझ ही सोय विस्कटलेले आघात जवळच्या रेघेवर नेऊन बसवते. १०० टक्के लावले तर खंजिरी घड्याळासारखी टिकटिकते. भजनाची गंमत त्या किंचित मागे-पुढे होण्यातच असते, म्हणून ५० ते ७० टक्क्यांवर थांबलेले बरे. समेच्या आघाताची व्हेलॉसिटी वाढवा, मधल्यांची कमी-जास्त ठेवा.

एक बदल, दहा ठिकाणी

नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथे जातो. एफएल स्टुडिओत एकच पॅटर्न दहा जागी ठेवला आणि एकात बदल केला, तर दहाही बदलतात. वेगळा हवा असेल तर 'मेक युनिक' करावे लागते. एबलटन लाइव्हमध्ये क्लिपची प्रत स्वतंत्र असते. लॉजिक प्रोमध्ये लूप केलेली आवर्तने मूळ क्लिपबरोबर बदलतात, कॉपी केलेली बदलत नाहीत. म्हणून कडव्यानंतरची तिहाई घालण्याआधी त्या आवर्तनाची स्वतंत्र प्रत करून घ्यावी.

ट्रॅक मंडळाकडे पाठवण्यापूर्वी मेट्रोनोम चालू ठेवून ३२ आवर्तने सलग ऐका. लांबीत चूक असेल तर त्याआधीच कानाला कळते.