उपचार थांबल्यानंतरची ड्यूटी

"आता औषधांचा उपयोग होत नाहीये," असं डॉक्टरांनी सांगितलं की नातेवाईक आयसीयूच्या बाहेर येऊन एकमेकांना विचारतात, म्हणजे आता आत नुसतं ठेवणार का? हा प्रश्न माझ्यापर्यंत आला की हातातलं काम बाजूला ठेवून मी उत्तर देते. कारण त्या घडीपासून पुढचं बहुतेक काम नर्सच्या हातातलं असतं. मी मिरजेला शिकले आणि नोकरीची बरीच वर्षं पुण्यात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांजवळ काढली. मरणाऱ्या माणसाची शुश्रूषा ही आयसीयूतली सगळ्यात कौशल्याची ड्यूटी आहे, असं माझं मत आहे. नव्या मुलींना मात्र तीच सगळ्यात कमी शिकवली जाते.

सुरुवात बंद करण्यापासून होते. बोटाला सुई टोचून साखर बघणं, पहाटेचं रक्त घेणं, मनगटातल्या धमनीतली सुई, यांतलं आता काय नको ते डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्यायचं. भ्रमात नळी ओढू नये म्हणून रुग्णाचे हात बांधलेले असतात, ते सोडायचे. पलंगाजवळच्या मॉनिटरचा आवाज आणि पडदा बंद करायचा. आम्हाला आकडे आमच्या टेबलावर दिसतातच. पडदा चालू असला की घरची माणसं आईकडे न बघता त्या हिरव्या रेषेकडे बघत बसतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

मग तोंड. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते, त्यामुळे तोंड उघडंच राहतं. ओठ फुटतात, जिभेवर थर साचतो, नळीच्या पट्टीने गालाची कातडी सोलवटते. दर दोन तासांनी मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ पुसायची, साचलेलं सक्शनने ओढायचं, ओठांना व्हॅसलीन लावायचं. डोळे अर्धवट उघडे राहत असतील तर बुबुळं कोरडी पडतात, म्हणून मलम. कूस बदलायची, पण तीही बेताने. हलवल्यावर कपाळावर आठी आली तर आधी वेदनेचं औषध द्यायचं, मग हलवायचं. बोलू न शकणाऱ्या माणसाची वेदना त्या आठीतूनच ओळखावी लागते.

आपल्याकडे या वेळेला एक मागणी हमखास येते. "सिस्टर, दोन थेंब पाणी घालू द्या." कुणाच्या खिशात गंगेची कुपी असते, कुणाच्या रुमालात तुळशीचं पान, कुणाकडे झमझमचं पाणी. बऱ्याच ठिकाणी जंतुसंसर्गाचं किंवा पाणी फुप्फुसात जाण्याचं कारण देऊन नाही म्हणतात. बरं होण्याची आशा असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण आराम एवढाच हेतू ठरल्यावर मुलाला आईचे ओठ भिजवू न देण्यात मला काही अर्थ दिसत नाही. मी गॉज पाण्यात बुडवून, पिळून त्याच्या हातात देते, सक्शन तयार ठेवते आणि तुळशीचं पान घशात न घालता ओठांवर ठेवायला सांगते. फादर येणार असतील, कुणाला कानाशी कलमा म्हणायचा असेल, तर पडदा ओढून जागा करून देते.

नळी काढायची ठरलं तर त्याची तयारी असते. नाकातून जाणारं फीड आधीच थांबवायचं. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल पूर्ण उतरला आहे ना, हे बघायचं. तो असेल तर माणसाला धाप लागूनही दाखवता येणार नाही. मॉर्फिन आणि झोपेचं औषध आधी द्यायचं, नळी नंतर काढायची. मॉर्फिनचं नाव काढलं की "याने लवकर जातील का?" असं विचारतात. धाप बघून बेताने वाढवलेलं मॉर्फिन घुसमट कमी करतं, ते मारण्यासाठी नसतं. लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या डॉक्टर सिसिली साँडर्स मुळात नर्स होत्या. वेदना परत येण्याची वाट न बघता ठरल्या वेळी मॉर्फिन द्यावं, हा त्यांचा आग्रह होता. रात्रपाळीला त्याची किंमत कळते.

पुढे काय दिसेल ते मी घरच्यांना आधीच सांगते. पाय गार पडतील, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसेल, श्वास थांबून पुन्हा चालू होईल. घशात घरघर होईल. तिची सगळ्यांना भीती वाटते, पण ती गिळता न आलेल्या स्रावांची असते, आणि इतक्या खोल बेशुद्धीत माणसाला बहुधा तिचा त्रास होत नाही. खोलवर सक्शन घालण्यापेक्षा कुशीवर वळवल्याने बरं वाटतं, स्राव कमी करणारं इंजेक्शनही आहे. आणि बोला, असं सांगते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेवटच्या तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूत आवाजांची नोंद होताना दिसली. त्यांना अर्थ कळत होता, असं त्यावरून सिद्ध होत नाही. तरी कोण आलंय ते नावानिशी सांगावं.

काही जण घरीच नेतात. कधी बिल परवडत नाही म्हणून, कधी प्राण घरात जावा म्हणून. मग ॲम्ब्युलन्समध्ये कुणीतरी हाताने श्वास देणारी ॲम्बू बॅग दाबत गावापर्यंत जातं. त्यांच्यासोबत धाप आणि वेदनेचं औषध, ते कसं द्यायचं याची चिठ्ठी आणि गावच्या डॉक्टरांना फोन एवढं तरी गेलंच पाहिजे. पुष्कळदा फक्त सहीचा कागद जातो, याचा मला राग येतो.

कायद्याने उपचार थांबवण्याला वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मानला आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली. २०२३ साली ती पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. असा कागद असला की मुलांमधली भांडणं कमी होतात, आमचंही काम स्वच्छ होतं.

मृत्यूनंतर नळ्या काढून, अंग पुसून, केस विंचरून मगच घरच्यांना आत घेते. अपघाताची किंवा पोलीस केस असेल तर मात्र शवविच्छेदनापर्यंत नळ्या तशाच ठेवाव्या लागतात. हे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवते, म्हणजे बाबांच्या तोंडात अजून नळी का, हा प्रश्न त्यांना त्या वेळी एकट्याने पडत नाही.