दुकान भाड्याचं चालेल, पाटी आपली हवी

लहान व्यवसायांची वेबसाइट आणि ऑनलाइन जाहिरात हा आजचा विषय. या विषयावर आम्ही बोलायला लागलो की समोरून पहिला प्रश्न हमखास येतो: "इन्स्टाग्राम आहे, व्हॉट्सॲप आहे, गुगलच्या नकाशावर दुकान दिसतं. मग वेबसाइट कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर 'वेबसाइट असलीच पाहिजे' असं एका वाक्यात देऊन भागणार नाही. आधी या सगळ्या गोष्टींपैकी आपल्या मालकीचं काय आहे ते पाहू.

आज सगळं एकाच उदाहरणावर बोलू. देवगडचा किंवा रत्नागिरीचा एक लहान आंबा बागायतदार डोळ्यासमोर आणा. दीड-दोनशे कलमं आहेत. इतकी वर्षं माल वाशीच्या मार्केटला जायचा आणि गाडीभाडं, हमाली वजा होऊन जी पट्टी येईल ती घ्यायची. आता घरातली पुढची पिढी म्हणते, आपण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी देऊ. हा धंदा ऑनलाइन करण्यासारखा आहे, पण त्याची एक अडचण आहे. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. गिऱ्हाईक येतं वर्षातून एकदा, आणि मग दहा महिने आपली गाठ पडत नाही. पुढच्या मार्चमध्ये त्याला आपण कसे सापडणार आणि आपल्याला तो कसा सापडणार? हे जमलं तर थेट विक्री टिकते. नाही जमलं तर दरवर्षी नवीन गिऱ्हाईक शोधायचं आणि दरवर्षी जाहिरातीला पैसे मोजायचे, म्हणजे पुन्हा वाशीचाच रस्ता धरायची वेळ येते.

आता जागांचं बघू. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब या भाड्याच्या जागा आहेत. भाडं पैशात द्यावं लागत नाही म्हणून ते लक्षात येत नाही इतकंच. तिथे गर्दी आहे, म्हणून तिथे दुकान मांडायलाच हवं. पण जागेचे नियम मालक ठरवतो आणि जागा कधी रिकामी करायची तेही मालक किंवा सरकार ठरवतं.

तीन गोष्टी आठवा. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. ज्यांची सगळी ओळख तिथेच होती त्यांची ती ओळख एका रात्रीत गेली. त्यांना बघणारी माणसं याच देशात होती, पण त्यांना निरोप कसा द्यायचा? 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडलं. कारण कंपनीच्या आतलं तांत्रिक होतं, पण ज्यांच्या ऑर्डरी फक्त व्हॉट्सॲपवर येतात त्यांचं शटर तेवढा वेळ खाली राहिलं. आणि तिसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. गुगल लहान व्यवसायांना त्यांच्या प्रोफाइलमधूनच एक साधी फुकट वेबसाइट बनवून देत असे. मार्च 2024 मध्ये ती सोय बंद झाली. जुन्या पत्त्यावर येणारी माणसं 10 जूनपर्यंत व्यवसायाच्या गुगल प्रोफाइलवर पाठवली गेली, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता कार्डावर, पेटीवर, टेम्पोच्या मागे छापून घेतला होता, त्यांचं छापलेलं सगळं वाया गेलं.

यात कुणी फसवलं असं आमचं म्हणणं नाही. फुकट दिलेली सोय बंद करायचा त्यांना हक्क होता. आपण काय करायचं तर भाड्याच्या जागेत धंदा करायचा, पण पाटी आणि गिऱ्हाइकांची वही आपल्या ताब्यात ठेवायची. ऑनलाइन जगात पाटी म्हणजे डोमेन, आणि वही म्हणजे गिऱ्हाइकांची यादी.

आधी पाटी. डोमेन म्हणजे आपल्या वेबसाइटचं नाव, 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' लागून येतं ते. ते विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावावर नोंदलं जातं आणि नूतनीकरण करत राहावं लागतं. 'डॉट इन'चा कारभार निक्सी ही संस्था बघते. त्याच संस्थेकडे देवनागरीतलं 'डॉट भारत' सुद्धा आहे, ते 2014 मध्ये सुरू झालं. म्हणजे मराठी अक्षरांतही पत्ता घेता येतो. मात्र पेटीवर छापताना गिऱ्हाईक तो मोबाईलवर टाईप कसा करणार याचा विचार करा. फोनवरून एकदा सांगितलं आणि समोरच्याने बरोबर लिहिलं, तर नाव चांगलं.

आता या विषयातला सगळ्यात महागात पडणारा मुद्दा. डोमेन कुणाच्या नावावर आहे? बहुतेक ठिकाणी होतं असं की वेबसाइट करून देणारा मुलगा 'तुम्ही काळजी करू नका' म्हणतो आणि स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात नाव नोंदवतो. त्याच्या मनात काही वाईट असतं असं नाही, त्याला ते सोयीचं पडतं. पण तीन वर्षांनी तो नोकरीला परगावी जातो, नंबर बदलतो. मुदत संपत आली की आठवणीचे ईमेल येतात. 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी कळवलंच पाहिजे असा नियम आहे. पण ते ईमेल जातात त्या मुलाच्या पत्त्यावर. मुदत टळून नाव रद्द झालं की ते परत मिळवायला साधारण 30 दिवस मिळतात आणि त्याला जादा पैसे पडतात. तेही गेले की नाव बाजारात मोकळं. कुणीही घ्यावं. उद्या त्या पत्त्यावर दुसराच कुणी 'हापूस' विकत असेल आणि आपलं जुनं गिऱ्हाईक विश्वासाने त्याला पैसे पाठवेल.

म्हणून घरी गेल्यावर एवढं तपासा. नोंदणी कुणाच्या नावावर आहे, कुठल्या ईमेलवर आहे, त्या खात्याचा पासवर्ड आपल्याकडे आहे का, आणि मुदत कधी संपते. या चार गोष्टी कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा. थट्टा नाही, ती मिळकतच आहे.

आता पाटीमागच्या दुकानात काय मांडायचं? पहिल्या वर्षी एक पान पुरतं. कार्ट, लॉगिन, फिरते फोटो, काही नको. पेटी घेणाऱ्याच्या मनात काय असतं ते बघा. आंबा नक्की कुठल्या बागेतला? पेटीत किती डझन, फळ केवढं, भाव काय? माझ्या गावात पोचवता का आणि किती दिवसांत? फळ कच्चं येणार की तयार? खराब निघालं तर काय? याची सरळ उत्तरं मराठीत लिहा, खाली फोन नंबर आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्यायची लिंक द्या. भाव लपवू नका. 'भावासाठी फोन करा' वाचून बरेच जण फोन करत नाहीत, पुढच्या विक्रेत्याकडे जातात. फोटो आपल्याच बागेचा, आपल्याच पेटीचा टाका, पण आकार कमी करून. मोबाईलमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर कमी रेंजमध्ये पान उघडतच नाही.

'खराब निघालं तर काय' हे लिहिणं नुसता चांगुलपणा नाही. 2020 च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता, संपर्क, परतीच्या आणि पैसे परत देण्याच्या अटी दाखवायच्या असतात. तक्रार आली तर 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. आणखी एक, आपणच गिऱ्हाईक बनून आपल्या मालाची स्तुती लिहायची नाही, हेही त्याच नियमांत आहे. भाच्याला सांगून पाच ताऱ्यांचे वीस अभिप्राय टाकून घेणं बंद करा.

हापूसच्या बाबतीत विश्वासाचा प्रश्न जास्तच नाजूक आहे, कारण बाहेरच्या राज्यातला आंबा हापूस म्हणून विकला जातो हे गिऱ्हाइकालाही माहीत आहे. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन जिल्ह्याला मिळालं म्हणजे आपोआप आपल्याला मिळालं असं नाही. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती केली असेल तर पानावर ठळक दाखवा. गाव, तालुका, बागेचं नाव लिहा. ज्याची खरोखर बाग आहे त्यालाच एवढा तपशील देणं परवडतं.

आता वही. ज्याने पेटी नेली त्याचं नाव, नंबर, गाव, किती पेट्या, कुठल्या तारखेला, आणि आपल्याबद्दल कुठून कळलं, एवढे सहा रकाने करा. एक्सेल येत नसेल तर खरीच वही घ्या. घेताना विचारा, "पुढच्या हंगामात कळवलं तर चालेल ना?" वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, संमती घेणं हा त्याचा गाभा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याने हो म्हटलंय तोच मेसेज वाचतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरत असाल तर लक्षात ठेवा, ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून पेटीत एक चिठ्ठी टाका: हा नंबर अमुक नावाने सेव्ह करा. वहीची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा, फोन हरवला तर वही हरवता कामा नये.

आता पैशांचं गणित करू. हे आकडे निव्वळ उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुम्ही आपले घाला. समजा सगळा खर्च जाऊन एका पेटीमागे 600 रुपये सुटतात. जाहिरातीवर एका क्लिकचे 8 रुपये पडतात आणि शंभर क्लिकमागे दोन जण पेटी घेतात. म्हणजे 800 रुपयांत दोन गिऱ्हाइकं, एकामागे 400. पेटीवर हातात राहिले 200. पण हाच माणूस वहीत असेल आणि पुढच्या एप्रिलला आपल्या एका मेसेजवर परत आला, तर त्या वेळी पूर्ण 600 सुटतात. वही नसेल तर त्याच माणसासाठी पुन्हा 400 मोजायचे. वही असेल तर जाहिरातीचा खर्च एकदाच होतो. म्हणून आम्ही जाहिरातीचा मुद्दा सगळ्यात शेवटी घेतला. पाटी आणि वही तयार नसताना जाहिरात करणं म्हणजे गळक्या कळशीने पाणी भरणं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : एक जण दहा हजारांत वेबसाइट करून देतो म्हणतो. द्यावं का काम?

उत्तर : रकमेपेक्षा चार गोष्टी विचारा. डोमेन माझ्या नावावर आणि माझ्या ईमेलवर होईल ना? दरवर्षी किती खर्च येईल? भाव बदलायचा झाला तर मला स्वतःला बदलता येईल का? आणि उद्या मी दुसऱ्याकडे गेलो तर सगळा मजकूर, फोटो घेऊन जाता येतील ना? चारही उत्तरं लेखी द्यायला तो तयार असेल तर काम द्या.

प्रश्न : माझं घरगुती पोळी-भाजी केंद्र आहे. सगळी गिऱ्हाइकं आसपासची. मला हे लागू पडतं का?

उत्तर : क्रम बदलेल. तुमच्यासाठी आधी गुगल बिझनेस प्रोफाइल, ते फुकट आहे. वेळा बरोबर टाका, सुट्टीच्या दिवशी बदला, रोजचे दर फोटोत न देता अक्षरांत लिहा. घरचा पत्ता दाखवायचा नसेल तर तो लपवून फक्त कुठल्या भागात डबा पोचवता ते देता येतं. प्रोफाइल मात्र स्वतःच्या खात्यातून उघडा, मुलाच्या मित्राच्या नाही. आणि वही आजपासूनच सुरू करा. डोमेनचं पुढच्या वर्षी बघितलं तरी चालेल, वहीचं नाही.