गोळी एक काम करते, पेशी दुसरं

१९७०च्या दशकात जपानमधल्या सांक्यो या औषध कंपनीत अकिरा एंडो यांनी एका बुरशीतून कॉम्पॅक्टिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतलं कळीचं एन्झाइम, एचएमजी-कोए रिडक्टेज, ते अडवत होतं. परीक्षानळीत सगळं चोख होतं. पण उंदरांना ते सतत देऊनही त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल हलेना. पुढे कोंबड्या, कुत्रे आणि माकडांवर मात्र तेच औषध लागू पडलं. औषधाने अडवलेलं एन्झाइम उंदरांच्या यकृताने कित्येक पट जास्त बनवून तूट भरून काढली होती. आजच्या स्टॅटिन गोळ्यांचं काम समजून घ्यायला हा फसलेला प्रयोग फार उपयोगी आहे. गोळीने उत्पादन घटतं म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं, ही समजूत अर्धीच खरी. ते उतरतं मुख्यतः त्या तुटीला पेशी जो प्रतिसाद देते त्यामुळे, आणि हा प्रतिसाद एसआरईबीपी-२ नावाच्या प्रथिनाच्या हाती असतो.

या कुळातली प्रथिनं १९९३ साली अमेरिकेत डॅलस इथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत हाती लागली. (दोघांना नोबेल १९८५ मध्येच मिळालं होतं, त्यानंतरचं त्यांचं काम मला त्याहूनही मोलाचं वाटतं.) एसआरईबीपी-२ पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात रोवलेलं असतं आणि स्कॅप नावाचं प्रथिन त्याला धरून असतं. पटलात कोलेस्टेरॉल पुरेसं असेपर्यंत इनसिग हे तिसरं प्रथिन या जोडीला जागचं हलू देत नाही. कोलेस्टेरॉलचं प्रमाण पटलातल्या मेदरेणूंच्या साधारण पाच टक्क्यांखाली गेलं की पकड सुटते. मग स्कॅप एसआरईबीपी-२ला गॉल्गी संकुलात नेतं, तिथे दोन एन्झाइमं ते दोन ठिकाणी कापतात आणि सुटा झालेला तुकडा केंद्रकात शिरून जनुकं चालू करतो. त्यांतली काही कोलेस्टेरॉल बनवण्याची असतात, तर एक रक्तातले, कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण ओढून घेणाऱ्या रिसेप्टरचं. स्टॅटिनने पहिली वाट अडवलेलीच असते. दुसरी मोकळी असते, म्हणून यकृताच्या पेशी पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर उभे करतात आणि रक्तातून एलडीएल उचलू लागतात.

यावर कोणी म्हणेल, उत्पादन घटलं की रक्तात येणारं कोलेस्टेरॉलही घटणारच; रिसेप्टरला एवढं श्रेय कशाला? याचं उत्तर एका दुर्मीळ आजाराने दिलं आहे. आई आणि वडील दोघांकडूनही एलडीएल रिसेप्टरचं बिघडलेलं जनुक आलेल्या मुलांच्या रक्तात लहानपणापासूनच एलडीएल प्रचंड असतं. ज्यांचे रिसेप्टर पूर्ण निकामी असतात, त्यांच्यात स्टॅटिनचा परिणाम फारच तोकडा पडतो. उत्पादन घटण्याचा स्वतंत्र वाटा साधारण तेवढाच. १९८४ मध्ये पिट्सबर्गला अशाच एका सहा वर्षांच्या मुलीवर हृदय आणि यकृत या दोन्हींचं रोपण झालं. नव्या यकृताबरोबर चालू स्थितीतले रिसेप्टर आले आणि तिचं एलडीएल सुमारे ८० टक्क्यांनी उतरलं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. पेशी इतका काटेकोर हिशेब ठेवते, तर रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतंच कसं? कारण टाकीतला फ्लोट टाकीतल्याच पाण्याची पातळी जाणतो, गल्लीत तुंबलेल्या पाण्याची नव्हे. एसआरईबीपी-२ची यंत्रणा पेशीच्या आतलं पटल मोजते. पेशीची गरज भागलेली असेल तर ती रिसेप्टर कमी करते, मग बाहेर धमन्यांच्या भिंतींत काहीही साचत असो. पेशीच्या दृष्टीने यात काहीच बिघडलेलं नसतं.

मग औषधाने थेट एसआरईबीपी-२लाच जोर का देऊ नये? उंदरांमध्ये त्याचं सतत चालू राहणारं रूप घालून पाहिलं, तेव्हा यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कित्येक पट वाढलं. शिवाय हे प्रथिन स्वतःच स्वतःला आवर घालतं. ते पीसीएसके-९ या जनुकालाही चालना देतं आणि त्यातून बनणारं प्रथिन एलडीएल रिसेप्टर नष्ट करवतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्क्यांनी उतरतं, त्यामागे हेही एक कारण आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात जन्मतःच पीसीएसके-९ची एक प्रत निकामी असलेल्यांचं एलडीएल कमी आणि हृदयविकारही खूपच कमी आढळला. पीसीएसके-९ला रोखणारी इंजेक्शनं २०१५ पासून वापरात आहेत. त्यांत आणि स्टॅटिनमध्ये स्पर्धा नाही: स्टॅटिन रिसेप्टर वाढवतं, इंजेक्शन ते टिकवतं.

म्हणूनच रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: पेशीला तूट जाणवते तोवरच जादा रिसेप्टर टिकतात. गोळी थांबली की काही आठवड्यांत एलडीएल पूर्वपदावर येतं. बंद करायचीच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.