'लग्न झालंय का?' हा प्रश्न आडवा आला तर? पिंपरी-चिंचवड, चाकणमध्ये गर्भनिरोधन आणि लैंगिक आरोग्य सेवा कुठे मिळते

चाकण एमआयडीसीत नव्याने कामाला लागलेल्याला खोली, मेस आणि कंपनीच्या बसचा थांबा पहिल्या आठवड्यातच सापडतो. दवाखाना मात्र ताप येईपर्यंत कुणी शोधत नाही. आणि गरज गर्भनिरोधक गोळीची, एचआयव्ही चाचणीची किंवा गर्भपाताची असेल, तर रूममेटलाही विचारायची सोय नसते. गावाकडे ओळखीच्या नर्सबाई असतात, पण त्या आईच्याही ओळखीच्या असतात. इथे कुणी ओळखत नाही, पण जायचं कुठे हेही माहीत नसतं.

या संकोचात जाते ती वेळ, आणि या विषयात वेळच सगळ्यात महाग. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीसाठी ७२ तास. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधं सुरू करायलाही ७२ तास. गोळ्यांनी गर्भपात करायचा असेल, तर साधारण ९ आठवडे. म्हणून ही माहिती गरज पडण्याआधीच जवळ असलेली बरी.

लग्न झालेलं नसेल तर सेवा नाकारता येते का?

नाही. कंडोम, गोळ्या किंवा कॉपर-टीसाठी लग्नाचा दाखला लागतो, असा कोणताही कायदा नाही. तरीही खिडकीवर 'मिस्टर आलेत का?' असं विचारलं जातं. कारण ही सगळी यंत्रणाच 'कुटुंब नियोजन' म्हणून उभी राहिली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील जवळपास निम्म्या विवाहित महिलांची नसबंदी झालेली आहे. म्हणजे मुलं झालेली, 'आता पुरे' म्हणणारी बाई डोळ्यांसमोर ठेवून ही सेवा वाढली. 'कुटुंब कल्याण विभाग' अशी पाटी वाचून २२ वर्षांच्या अविवाहित मुलीला ती आपल्यासाठी नाही असं वाटतं. ती तिच्यासाठीही आहे.

गर्भपाताच्या कायद्याने तर हा मुद्दा स्पष्टच केला आहे. १९७१ च्या कायद्यात गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण फक्त विवाहित स्त्रीला देता येत होतं. २०२१ च्या दुरुस्तीत 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' याऐवजी 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या नियमात विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, असा निकाल दिला. १८ वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवरा, आईवडील किंवा घरमालकीण यांच्या सहीची गरज नाही. तिची ओळख उघड करण्यासही कायद्याने बंदी आहे.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर गर्भपातासाठी पालकांची संमती लागते आणि पॉक्सोनुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास त्या माहितीत तिचं नाव देण्याची गरज नाही, असं याच निकालात म्हटलं आहे.

कंडोम फाटला, गोळी चुकली. आता काय?

मेडिकलमध्ये 'इमर्जन्सी गोळी' मागा. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची ही एकच गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. ७२ तास ही शेवटची मुदत आहे. जितका उशीर, तितका उपयोग कमी, म्हणून शिफ्ट सुटायची वाट पाहू नका. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीची किंवा फिट्सची औषधं सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण काही औषधांमुळे तिचा परिणाम कमी होतो.

पाळी आठवडाभर लांबली तर घरीच चाचणी करा. ७२ तास उलटून गेले असतील, तर पाचव्या दिवसापर्यंत कॉपर-टी बसवण्याचा पर्याय असतो. ती अधिक खात्रीची आहे आणि पुढची काही वर्षं टिकते.

ही गोळी म्हणजे गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भ राहिला असेल तर ती काही करत नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या असतात आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. ओळखीच्या माणसाकडून किंवा ऑनलाइन मागवून खोलीत एकटीने घेऊ नका. जास्त रक्तस्राव झाला किंवा गर्भ नळीत असेल तर जिवावर बेतू शकतं.

नेहमीसाठी काय मिळतं?

सरकारी केंद्रांत या गोष्टी मोफत मिळतात: निरोध, रोज घ्यायची 'माला-एन', आठवड्याची 'छाया' (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा), दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आणि ५ किंवा १० वर्षांची कॉपर-टी. रात्रपाळी बदलत राहिली की रोजची गोळी चुकते. अशा वेळी इंजेक्शन किंवा कॉपर-टी सोयीची पडते. पण गर्भ आणि संसर्ग या दोन्हींपासून वाचवणारा कंडोमच आहे, आणि तो आणण्याची जबाबदारी मुलीची एकटीची नाही.

जायचं कुठे?

इंद्रायणी ओलांडली की यंत्रणा बदलते, हे आधी लक्षात घ्या.

मोशी, भोसरी, चिखली, पिंपरी, थेरगाव हा भाग महापालिकेचा. इथे पिंपरीतल्या संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम, सगळ्यात मोठं. स्त्रीरोग विभाग आणि एचआयव्हीचं एआरटी केंद्र तिथे आहे. भोसरी, थेरगाव, आकुर्डी इथेही पालिकेची रुग्णालयं आहेत.

चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी हा भाग खेड तालुक्यातला. इथे चाकणचं ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पालिकेच्या रुग्णालयांचं शुल्क मात्र वेगळं ठरतं, त्यामुळे केसपेपर काढतानाच विचारा. खोलीजवळ आशाताई येत असतील तर त्यांच्याकडेही गोळ्या आणि निरोध असतात.

पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि स्लिपवर ईएसआयची ०.७५ टक्के कपात दिसत असेल, तर चिंचवडच्या मोहननगरमधलं ईएसआय रुग्णालयही तुमचंच आहे. ठेकेदाराकडच्या कामगारांनाही हा हक्क आहे. अप्रेंटिस कायद्याखाली लागलेल्यांना मात्र तो लागू होत नाही.

गर्भपात खासगी दवाखान्यात करायचा असेल तर मान्यतेचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं आहे का, ते पाहा. नसेल तर तिथून निघा.

या पट्ट्याची एक सोयही आहे. इथल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी ओपीडी बंद असते, गुरुवारी सकाळी ती सुरू असते. त्यामुळे खाडा न करता जाता येतं.

एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही चाचणी मोफत होते. चाचणीआधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. संबंधानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा. धोका नुकताच झाला असेल तर चाचणीची वाट न पाहता वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि 'पेप' विचारा. ही औषधं शक्यतो पहिल्या काही तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात.

जखम, स्राव, लघवीला जळजळ यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. रस्त्याकडेच्या 'गुप्तरोग तज्ज्ञ' पाट्यांच्या मागे जाऊ नका. सिफिलिससारखा आजार आजही पेनिसिलिनने बरा होतो. १९५४ मध्ये पिंपरीत सुरू झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हेच औषध बनवण्यासाठी उभी राहिली होती.

कंपनी एचआयव्ही चाचणी मागू शकते का? नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार नोकरीसाठी अशी अट घालता येत नाही, संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल उघडही करता येत नाही.

जबरदस्ती झाली असेल तर

आधी रुग्णालयात जा. सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार आणि उपचार तातडीने व मोफत करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. एफआयआर आधी आणा, असं सांगता येत नाही. पोलिसांना रुग्णालय कळवतं. आपत्कालीन गोळी आणि पेप दोन्ही तिथेच मागा.

नंबर सेव्ह करून ठेवा

१०९७: एचआयव्ही व गुप्तरोगाबाबत माहिती, मोफत
१०४: आरोग्य सल्ला
१०८: रुग्णवाहिका
१८१: महिला हेल्पलाइन
११२: पोलीस व इतर तातडीची मदत

खिडकीवर कुणी लग्नाबद्दल विचारलंच, तर वाद घालत बसू नका. 'मी सज्ञान आहे, मला डॉक्टरांना भेटायचं आहे' एवढं वाक्य पुरेसं आहे. तरीही परत पाठवलं, तर नकाराचं कारण लेखी मागा आणि वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. आणि ७२ तासांतले किती उरलेत, ते मोजत राहा.