कथावाङ्मयांतील अलिप्त पिता

कथेंतील दुष्ट बाप ओळखणें सोपें असतें. गोविंद बल्लाळ देवल यांच्या १८९९ सालच्या 'शारदा' नाटकांतील कांचनभट पैशाच्या लोभानें आपली कोंवळी पोर एका जरठ श्रीमंताच्या गळ्यांत बांधावयास निघतो, आणि अगदीं शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकालाहि त्याचा संताप येतो. त्याचें पाप त्याच्या हातून घडतें. तें डोळ्यांना दिसतें. परंतु कथावाङ्मयांत बापाचा दुसराहि एक नमुना वारंवार भेटतो. तो मुलांवर हात उगारीत नाहीं, त्यांना उपाशी ठेवीत नाहीं, त्यांच्या हौसेच्या आड येत नाहीं. बहुधा तो हुशार असतो, बोलण्यांत गमत्या असतो, आणि वाचकाला तो आवडतोहि. त्याच्या हातून कांहींच घडत नाहीं, आणि त्या न घडण्याचेंच फळ पुढें मुलांना भोगावें लागतें. असा हा अलिप्त पिता.

आपल्याकडे या नमुन्याचा मूळपुरुष शोधावयाचा तर फार लांब जावें लागत नाहीं. धृतराष्ट्राला पुत्रप्रेमानें आंधळा म्हणण्याची रूढि आहे. पण महाभारत नीट वाचलें तर त्याचें आंधळेपण डोळ्यांपुरतेंच होतें असें दिसतें. द्यूताचा परिणाम काय होईल हें विदुरानें त्याला आधींच सांगितलें होतें, आणि त्यानें स्वतः दुर्योधनाला परावृत्त करण्याचा थोडा प्रयत्नहि करून पाहिला होता. दुसऱ्या द्यूताच्या वेळीं गांधारीनें या मुलाचा त्याग करा म्हणून विनविलें, तेव्हां कुळाचा नाश व्हावयाचा असेल तर होवो, आपल्याच्यानें तो थांबवत नाहीं, असें उत्तर त्यानें दिलें. कृष्ण शिष्टाईला आला तेव्हां तर हस्तिनापूरचा हा राजा आपण स्वतंत्र नाहीं असें पाहुण्यालाच सांगतो, आणि मुलाची समजूत घालण्याचें काम त्याच्यावरच सोंपवितो. शेवटीं गांधारीला सभेंत आणवितात; तीहि प्रथम नवऱ्यालाच दोष देते, कारण मुलाची दुर्बुद्धि पुरती ठाऊक असून तो मुलाच्याच मतानें चालत आला. सिंहासनावर बसलेला हा बाप आपल्याच घरांत प्रेक्षक आहे. युद्धाची वार्ता संजयाच्या तोंडून बसल्या जागीं ऐकण्याचें काम त्याच्याकडे यावें, ही योजना मोठी मार्मिक म्हटली पाहिजे.

धृतराष्ट्राच्या वाट्याला शोक आला. इंग्रजी कादंबरीनें हाच पुरुष घरगुती दिवाणखान्यांत आणून बसविला आणि त्याच्या ओठांवर विनोद ठेवला. जेन ऑस्टेन या लेखिकेची 'प्राइड ॲण्ड प्रेजुडिस' ही कादंबरी १८१३ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील बेनेट हा लाँगबोर्न गांवचा जमीनदार. वार्षिक उत्पन्न दोन हजार पौंड, पांच मुली, मुलगा नाहीं. इस्टेट पुरुष वारसाकडेच जावयाची असल्यामुळें बेनेटच्या मागें ती कॉलिन्स नांवाच्या एका नातलग पाद्र्याच्या घशांत जाणार. तारुण्यांत रूपाला भुलून बेनेटनें एका उथळ बाईशीं लग्न केलें आणि थोड्याच काळांत त्याचा भ्रम उतरला. दुसरा कोणी असता तर व्यसनांत पडता. बेनेट पुस्तकांत पडला. ग्रंथांच्या खोलींत एकान्त शोधावा, बाहेर आल्यावर बायकोच्या मूर्खपणाची थट्टा करावी, आणि ती तिला कळली नाहीं म्हणून मनांतल्या मनांत हसावें, असा त्याचा संसार. पहिल्या कांहीं प्रकरणांत वाचकहि त्याच्याबरोबर हसतो. हसूं खरेंच येतें, हें कबूल केलें पाहिजे.

पण या हसण्याच्या मागें एक हिशेब आहे. लग्न झालें तेव्हां बेनेटची अशी समजूत होती कीं, मुलगा होईल, तो वयांत आला म्हणजे वारसाचें बंधन दूर करतां येईल, आणि घर सुरक्षित राहील. मग शिल्लक कशाला टाकावयाची? मुलगा झाला नाहीं. ती आशा सुटली तेव्हां काटकसरीची वेळ निघून गेली होती. बायकोमुलींसाठीं उरले ते लग्नाच्या करारांतील पांच हजार पौंड. म्हणजे आईच्या मागें दर मुलीला एक हजार, शेंकडा चार दरानें सालीना चाळीस पौंड व्याज. त्या काळच्या इंग्लंडांत घरंदाज मुलीला लग्नावांचून मानाची दुसरी सोय जवळजवळ नव्हती. ज्या बाईला सगळे हसतात ती श्रीमती बेनेट मुलींच्या लग्नासाठीं इतकी उतावीळ कां होते, याचा उलगडा या आंकड्यांत आहे. तिची रीत हास्यास्पद. चिंता मात्र खरी. आणि ती चिंता नवऱ्यानें तिच्या एकटीच्या गळ्यांत टाकली होती.

धाकट्या लिडियाचें वय पंधरा-सोळा. लष्करी गणवेश दिसला कीं हिचें चित्त ठिकाणावर राहत नाहीं. पलटण ब्रायटन शहरीं हलते आणि कर्नलच्या बायकोकडून तिला तेथें येण्याचें आमंत्रण येतें. एलिझाबेथ ही बापाची सर्वांत लाडकी मुलगी. ती गुपचूप त्याच्याकडे जाते आणि बहिणीला पाठवूं नका, तिला आतांच आळा घातला नाहीं तर पुढें उपाय राहणार नाहीं, असें कळवळून सांगते. बाप प्रेमानें तिचा हात हातांत घेतो, आणि नकार देतो. लिडिया कोठें तरी चारचौघांत आपलें हंसें करून घेतल्याशिवाय राहणार नाहीं. मग तें इतक्या कमी खर्चांत व गैरसोयींत उरकत असेल तर बरेंच. शिवाय कर्नल शहाणा आहे, आणि पोरीजवळ पैसा नसल्यामुळें तिच्यावर कोणी डोळा ठेवणार नाहीं. यांतला प्रत्येक मुद्दा चतुर आहे. पण खरें कारण आणखी एका वाक्यांत निसटून जातें: ती गेली नाहीं तर घरांत शांतता राहणार नाहीं. मुलीच्या अब्रूपेक्षां त्या उन्हाळ्यांतली स्वतःची शांतता त्यानें मोलाची मानली, आणि तशी ती मानली जात आहे हें बोलतांना त्याच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

लिडिया विकम नांवाच्या कर्जबाजारी अधिकाऱ्याबरोबर लग्नावांचून पळून जाते. अशा गोष्टीनें त्या काळीं एकटी तिचीच नव्हे, तर चारी बहिणींच्या लग्नांची वाट बंद झाली असती. बेनेट लंडनला जाऊन हात हलवीत परत येतो. यावेळीं मात्र तो आपला दोष मान्य करतो. जन्मांत एकदां तरी आपल्याला त्याची जाणीव होऊं दे म्हणतो, आणि ती लवकरच ओसरेल अशी पुस्तीहि जोडतो. हें त्याचें आत्मज्ञान अचूक ठरतें. दुसऱ्यांच्या खटपटीनें लग्न जुळतें. लिडियाला सालीना शंभर पौंड द्यावयाचे ठरतात. बेनेट हिशेब करतो, आणि तिचा घरचा खर्च वजा जातां आपला तोटा जेमतेम दहा पौंडांचा, असें पाहून सुटकेचा श्वास टाकतो.

कथाकाराला असा बाप इतका सोयीचा कां वाटतो, याचें उत्तर गोष्टीच्या रचनेंत आहे. तरुणांची गोष्ट सांगावयाची तर त्यांना चुका करण्याची मोकळीक हवी, आणि जागरूक बाप घरांत असला कीं ती राहत नाहीं. म्हणून कोणी बापाला आधींच मारून टाकतो. वाङ्मयांत पोरक्या नायक-नायिकांची एवढी गर्दी आहे ती कांहीं अंशीं यामुळेंच. कोणी त्याला गांवाला धाडतो. कालिदासानें कण्वाला शकुंतलेचें अरिष्ट टाळण्यासाठीं सोमतीर्थाला पाठविलें, आणि तेवढ्या अवधींत दुष्यंत आश्रमांत आला. तिसरी युक्ति अवघड आहे: बापाला घरांतच ठेवावयाचें, डोळस ठेवावयाचें, आणि तरी खुर्चीवरून उठूं द्यावयाचें नाहीं. बाप मेलेला किंवा प्रवासाला गेलेला असला तर मुलीच्या चुकीचा दोष दैवावर जातो. तो पलीकडच्या खोलींत पुस्तक वाचीत बसलेला असला तर दोष त्या खोलीच्या दारापाशीं येऊन थांबतो.

अलिप्तपणा केवळ थट्टेखोर बापाचाच असतो असें मात्र नाहीं. पुढच्याच वर्षीं, १८१४ सालीं, ऑस्टेनची 'मॅन्सफील्ड पार्क' कादंबरी निघाली. तिच्यांतील सर टॉमस बर्ट्रम हा करडा, शिस्तीचा गृहस्थ. त्याच्यापुढें मुली मोठ्यानें हसतहि नाहींत. वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटावरील मिळकतीची व्यवस्था लावून तो परत येतो, तों मोठ्या मुलीचें लग्न एका मूर्ख धनिकाशीं ठरलेलें. जांवई कसा आहे हें त्याला तत्काळ दिसतें. तो मुलीला विचारतो; ती आपण सुखी आहों म्हणते; आणि संबंध जुळणें सोयीचें असल्यामुळें तो त्या उत्तरावर फार लवकर समाधान मानतो. पुढें ती परपुरुषाबरोबर निघून जाते. आपण मुलींच्या चालीरीतींकडे पाहिलें, अंतःकरणांत काय चाललें आहे तें कधीं विचारलेंच नाहीं, हें त्याला तेव्हां उमगतें.

प्रत्येक दूरस्थ बापाला मात्र या पंक्तींत बसवितां येत नाहीं. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या १९२९ सालीं ग्रंथरूपानें आलेल्या बंगाली कादंबरींत हरिहर पोटासाठीं गांवोगांव भटकतो, आणि दुर्गेसाठीं साडी घेऊन घरीं येतो तेव्हां दुर्गा या जगांत नसते. सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या चित्रपटामुळें हा प्रसंग पुष्कळांच्या डोळ्यांसमोर आहे. हरिहरहि स्वप्नाळू, संसारांत अर्धाच. पण घरीं काय घडत आहे हें त्याला कळत नव्हतें. बेनेटला सारें कळत होतें.

याचा सर्वांत बोलका पुरावा कादंबरीच्या शेवटीं आहे. डार्सी या श्रीमंत तरुणाशीं एलिझाबेथचें लग्न ठरतें. ती त्याचा द्वेष करते अशीच बापाची समजूत. तो तिला बोलावून घेतो, आणि ज्याच्याविषयीं आदर वाटत नाहीं अशा जोडीदाराशीं आयुष्य बांधूं नकोस, असें जीव तोडून सांगतो. सगळ्या पुस्तकांत बापासारखा तो एवढाच काय तो बोलतो, आणि बोलतो तें स्वतःच्या संसारावरून. मग विकमचें कर्ज डार्सीनें गुपचूप फेडलें हें मुलगी त्याला सांगते. त्याला फार बरें वाटतें. तिच्या मामानें पैसे दिले असते तर परत करावे लागले असते, प्रेमांत पडलेला तरुण कांहीं परत घेणार नाहीं! ती जावयास निघते तेव्हां तो सांगतो कीं, मेरी आणि किटी या दोघींना मागणी घालावयास कोणी आलें तर आंत पाठवून दे, आपल्याला सध्यां भरपूर सवड आहे.